शेवटच्या ट्रॅकला ड्रम कुठंयत?
काल रात्री भांडी घासताना जॅझ ड्रमर टोनी विल्यम्सचा 'लाइफ टाइम' अल्बम लावलेला, शेवटचा ट्रॅक आला आणि मी फेसाचा तवा हातात धरून उभा, आता ड्रम येतील, आता येतील... आलेच नाहीत! वाटलं इअरफोन गेला.

इअरफोन ठणठणीत. हर्बी हॅनकॉकचा पियानो, रॉन कार्टरचा बास, बस्स.

म्हणजे बघा ना, १९६४ साल, टोनी म्हणजे १८ वर्षांचं पोरगं, जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या बँडमधलं, ब्लू नोट ह्या जॅझ रेकॉर्ड कंपनीकडून स्वतःच्या नावाची पहिलीच रेकॉर्ड, सगळ्या रचना ह्याच्याच आणि शेवटाला हा गडी काठ्या खाली ठेवून गप्प!

आमच्या ग्रुपातल्या तबलजीला हे सांगायचंय (चिडेल, पण सांगणार).

तुम्ही बसला असतात का गप्प, स्वतःच्याच पहिल्या रेकॉर्डवर?