नागपूरची गाडी गगनबावड्याला!
आज कोल्हापूरच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, गगनबावड्याच्या गर्दीत उभा होतो आणि समोर लागली एमएच ४० नंबरची लालपरी, म्हणजे थेट नागपूरच्या हिंगणा वर्कशॉपची बांधणी!! आपल्याकडं बहुतेक पुण्याकडच्या दापोडीच्या एमएच १४ वाल्याच दिसतात, संभाजीनगरच्या चिकलठाण्याची एमएच २० कधीतरी दिसते, पण ही आपल्या लोकल रूटवर म्हणजे लय भारी वाटलं राव. एसटीच्या गाड्या बांधणारी मध्यवर्ती वर्कशॉप ही तीनच, त्यामुळं नंबर बघितला की गाडीचं माहेर कळतं. बॉडी जुनी अ‍ॅल्युमिनियमची, पत्र्यावर रिबिटांच्या सरळ ओळी, नव्या एमएस (माइल्ड स्टील) बॉडीत तसलं बघायला मिळत नाही, आणि मागच्या चाकाजवळ एका पत्र्याचा लाल रंग बाकीच्यापेक्षा जरा गडद, तिथं काम झालेलं दिसत होतं. ड्रायव्हर मामांना विचारलं तर म्हणाले "लांबनं आलीया, पण वड चांगली हाय". मग काय, चढलोच, खिडकी पकडली, कळे साळवण करत बावड्यापर्यंत, चढाला इंजिनचा आवाज काय तो!! निपाणीकडनं येणाऱ्या कर्नाटकच्या आणि गोव्याच्या कदंबाच्या गाड्या तर आपण रोजच बघतोय, पण लालपरीतलं हे वेगळेपण पण बघत जावा मंडळी. कुणाला एमएच २० दिसली तर फोटो टाका, नंबर आणि रूटसकट.