गावाला हिरवं कार्ड, तरी विहिरीत नायट्रेट: पाणीतपासणीचा माझा अनुभव

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात असलेल्या आमच्या गावाला पाणीपुरवठ्याचं हिरवं कार्ड मिळालेलं आहे. ग्रामपंचायतीत ते फ्रेम करून लावलंय. गावच्या विहिरीला काँक्रीटचं कडं आहे, वर जाळी आहे, जलसुरक्षक नेमानं टीसीएल म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर टाकतो. त्यामुळं पाण्यात काही खोट असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवतात. आमच्या पाचजणींत मी होते. प्रशिक्षणात एफटीके म्हणजे तपासणीची पेटी हातात दिली. तीत छोट्या बाटल्या, पावडरी, काचेच्या नळ्या आणि रंगांचे तक्ते असतात. सामू (पीएच), कठीणपणा, क्लोराईड, फ्लोराईड, लोह, नायट्रेट असं एकेक करून बघायचं. नायट्रेटसाठी नळीत खुणेपर्यंत पाणी घेऊन त्यात पावडर टाकायची, हलवायचं, सांगितलेली मिनिटं थांबायचं आणि तयार झालेला रंग तक्त्याशी जुळवायचा. नायट्रेट जितकं जास्त, तितका गुलाबी रंग गडद.

गावच्या विहिरीचं पाणी घातलं आणि नळी पार गडद गुलाबी झाली. परत केलं, तोच रंग. मग आम्ही पाचजणींनी गावातले सगळे स्रोत तपासायचे ठरवलं. हातपंप, खाजगी विहिरी, बोअर, काही सोडलं नाही. वहीत गावाचा साधा नकाशा काढला आणि प्रत्येक जागी रंग टिपला. ऊसपट्ट्याच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरी गडद आल्या. वर माळाला शाळेचा हातपंप आहे, त्याचं पाणी जवळजवळ बिनरंगी राहिलं. तो नकाशा पुढं फार कामाला आला.

पेटीतली तपासणी अंदाज देते. निर्णय घ्यायला प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. नमुना कसा घ्यायचा हे नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावरच उभं असतं. रासायनिक तपासणीसाठी एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली, तीही त्याच पाण्यानं तीनदा खंगाळून, मग काठोकाठ भरायची. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी असते. ती प्रयोगशाळेतून निर्जंतुक करून मिळते. ती अजिबात खंगाळायची नाही, कारण पाण्यातला क्लोरीन मारायला तिच्यात आधीच औषध घातलेलं असतं. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, वर थोडी हवेला जागा ठेवायची आणि बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवायची. हातपंप असेल तर पाईपमधलं साठलेलं पाणी जाईपर्यंत काही मिनिटं हापसून मगच नमुना घ्यायचा. बाटलीवर स्रोताचा सांकेतांक, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याचं नाव हवंच. आमचा जंतूंचा नमुना पहिल्यांदा परत आला, गाडी उशिरा पोचल्यामुळं. दुसऱ्यांदा माझे दीर मोटारसायकलवर डबा घेऊन सकाळीच गेले.

अहवाल हातात आला तेव्हा जंतू नव्हते. टीसीएलनं आपलं काम चोख केलं होतं. विरघळलेले क्षार 840, कठीणपणा 420, आणि नायट्रेट लिटरला 71 मिलिग्रॅम.

अहवालात दोन रकाने असतात. एक स्वीकार्य मर्यादेचा, दुसरा पर्यायी स्रोत नसेल तर किती चालेल त्याचा. क्षारांना 500 आणि 2000, कठीणपणाला 200 आणि 600 अशा दोन-दोन मर्यादा आहेत. त्यामुळं आमचं पाणी तिथं मधोमध बसत होतं. ग्रामसेवक म्हणाले, "ताई, दुसऱ्या रकान्यात सगळं बसतंय की." पण भारतीय मानकात नायट्रेटला 45 ही एकच मर्यादा आहे आणि दुसऱ्या रकान्यात शिथिलता नाही असं स्वच्छ लिहिलेलं असतं. ती ओळ मी त्यांना बोट ठेवून दाखवली.

मग हिरवं कार्ड कसं? ते वर्षातून दोनदा होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणावर मिळतं. स्रोताजवळ उकिरडा आहे का, गळती आहे का, टीसीएल नियमित टाकतात का, हे त्यात बघतात. ते काम मोलाचं आहे, गॅस्ट्रोच्या साथी त्यामुळं टळतात. पण पाण्यात विरघळलेलं नायट्रेट त्या पाहणीत दिसत नाही. त्याला रासायनिक तपासणीच लागते आणि ती प्रत्येक स्रोताची वर्षातून एकदा तरी व्हायला हवी.

मला सगळ्यात जास्त काळजी तान्ह्या बाळांची होती. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध याच पाण्यात कालवून दिलं, तर पोटात नायट्रेटचं नायट्राईट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते. बाळाचे ओठ, नखं निळसर पडतात. आणि आपण आयाबाया काय करतो? बाळासाठी म्हणून पाणी खूप वेळ उकळतो. उकळल्यानं जंतू मरतात, पण वाफ जाते आणि नायट्रेट तेवढंच मागं राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी, साधा फिल्टर, टीसीएल, यातलं कशानंच ते जात नाही. आशाताईंना घेऊन आम्ही आधी तान्ही बाळं असलेल्या घरी गेलो आणि माळावरच्या हातपंपाचं पाणी वापरायला सांगितलं. अहवालावर ग्रामसभेत चर्चा होईपर्यंत थांबलो नाही.

ग्रामपंचायतीच्या पत्रावरून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिक मॅडम आल्या. पत्र जाणं, स्मरणपत्र जाणं, त्यात वेळ गेला, पण मॅडम आल्या त्या अख्खा दिवस गावात राहिल्या. आमचा नकाशा त्यांनी मांडीवर पसरून ठेवला होता. एका उघड्या विहिरीच्या काठावर उभं राहून त्यांनी थर दाखवले. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या दगड आणि तळाला काळा पाषाण. आपल्याकडं पाणी मुख्यतः मुरमात आणि दगडाच्या भेगांत साठतं, खाली पाषाण घट्ट असला की ते उताराच्या दिशेनं सरकतं. आमची गावविहीर बरोबर उसाच्या रानाच्या उताराला, मुरमातलं पाणी घेणारी. रानात पाटानं सोडलेलं पाणी खाली मुरतं ते खत घेऊनच मुरतं. खतातल्या नत्राचं मातीत नायट्रेट होतं आणि नायट्रेटला माती धरून ठेवत नाही.

त्यांनी हिशोबही मांडला. आडसाली म्हणजे दीड वर्षाच्या उसाला शिफारसच हेक्टरी 400 किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी 160 किलो. युरियात नत्र 46 टक्के. सगळं युरियातनं द्यायचं म्हटलं तर एकराला 45 किलोची जवळजवळ आठ पोती. त्यावर शेजारच्याचा ऊस काळाभोर दिसतो म्हणून आणखी दोन पोती टाकणारे आहेत. विहिरीच्या वरच्या अंगाला असलेले गोठे, उकिरडे आणि शोषखड्डेही त्यांनी नकाशावर घेतले. नत्र तिथूनही येतं, एकट्या उसावर बोट ठेवून चालणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या.

ग्रामसभेत व्हायचा तो वाद झाला. आमच्या भावकीतले अण्णा उठले. "ह्याच हिरीचं पाणी पिऊन आम्ही ऐंशी वर्सं काढली. आत्ताच काय झालं?" मी म्हणाले, "अण्णा, तुमच्या तरुणपणी या रानात जोंधळा होता. विहीर तीच आहे, वरचं रान बदललंय." त्यांनी मान हलवली नाही, पण खाली बसले. एकाला वाटत होतं की ही बातमी बाहेर गेली तर गावाचं नाव खराब होईल. त्यावर सरपंच वहिनींनीच ठणकावून सांगितलं की अहवाल सूचनाफलकावर लागणार.

ठराव असा झाला: गावविहिरीचं पाणी धुण्याभांड्याला आणि जनावरांना. पिण्यासाठी प्रादेशिक योजनेचं शुद्ध केलेलं नदीचं पाणी, त्याची वाढीव जलवाहिनी पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून. ती पूर्ण होईपर्यंत माळावरच्या हातपंपाचं पाणी, तेही प्रयोगशाळेतून तपासून घेतलेलं. आरओ बसवायचाही विषय निघाला होता. आरओनं नायट्रेट कमी होतं, पण बरंच पाणी वाया जातं आणि वेळेवर देखभाल झाली नाही तर उपयोग राहत नाही. तो तूर्त मागं ठेवला.

जलवाहिनी झाली आहे. विहिरीच्या वरच्या बाजूचे उकिरडे हलले. काही शेतकऱ्यांनी ठिबक करून खत हप्त्याहप्त्यानं द्यायला सुरुवात केली, त्यात अण्णांचा मुलगाही आहे. विहिरीतलं नायट्रेट मात्र अजून 45 च्या वरच आहे. मुरमात मुरलेलं निघायला वर्षं लागतील, असं मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं. आम्ही पावसाळ्याच्या आधी आणि नंतर नमुना पाठवतो आणि आकडा फलकावर लिहितो. भूजल विभाग ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चारदा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतो. आमच्या पाणलोटातल्या अशा विहिरीच्या पाणीतपासणीच्याही जुन्या नोंदी असल्या तर मिळाव्यात म्हणून आता अर्ज दिला आहे. पाण्याची प्रत कधीपासून बिघडत गेली हे मला त्यांतून बघायचं आहे.