मस्कादे कशाबरोबर प्यायची?

मी नाँतहून पुण्याला येते तेव्हा बॅगेत मस्कादेच्या दोन बाटल्या असतात, आणि दर खेपेला कुणीतरी विचारतंच, "इतकी वर्षं फ्रान्समध्ये राहतेस, मग ही पाणचट, आंबट वाइन का आणतेस?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ती तुम्ही चिवड्याबरोबर प्यायलात. तिला समुद्रातलं काहीतरी लागतं.

माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. तिथे ओहोटीला खडकावरची कालवं काढून आणायचे आणि ती खोबऱ्याच्या वाटपात शिजायची. नाँतला आल्यावर तालाँसाकच्या बाजारात लोक तीच कालवं डझनावर विकत घेऊन कच्ची खाताना पाहिली. पहिलं कालव माझ्या गळ्याखाली उतरेना. शेजारच्या आजींनी थंड मस्कादेचा पेला पुढे केला. आधी समुद्राचं खारं पाणी, मग गोडसर मांस, आणि त्यावर वाइनचा तो आंबट, स्वच्छ घोट! तोंड पुन्हा कोरं झालं आणि हात आपोआप दुसऱ्या शिंपल्याकडे गेला. आता सोबत राय या धान्याचा पाव आणि खारं लोणी असतं. लिंबू मात्र मी पिळत नाही, ते काम वाइन करते.

ही वाइन नाँतच्या आजूबाजूला, ल्वार नदी अटलांटिकला मिळते त्या टापूत होते. नाव मस्कट द्राक्षासारखं वाटलं तरी तिचा त्याच्याशी संबंध नाही. हिचं द्राक्ष मेलाँ द बूर्गोन्य, म्हणजे मूळचं बरगंडीचं, नात्याने शार्दोनेचं भावंड. 1709 च्या भयंकर हिवाळ्यात इथल्या द्राक्षबागा गारठून मेल्या. त्यानंतर नव्याने लागवड करताना थंडी सोसणारं म्हणून हे द्राक्ष सगळीकडे पसरलं. 1936 मध्ये सेव्र आणि मेन या नद्यांच्या काठच्या मस्कादेला नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं.

हे द्राक्ष स्वभावाने अबोल आहे, त्याला फारसा सुगंध नाही. म्हणून इथले लोक एक युक्ती करतात. आंबवण संपल्यावर यीस्टचा साका तळाशी बसतो. एरवी वाइन त्यावरून काढून घेतात, इथे ती हिवाळाभर त्याच साक्यावर ठेवतात आणि मार्चच्या आधी बाटलीत भरत नाहीत. यालाच 'सुर ली' म्हणतात. इथल्या बऱ्याच वाइनरींत टाक्या जमिनीखाली असतात, आतून काचेच्या फरश्या लावलेल्या. साक्यामुळे वाइनला ताज्या पावासारखा किंचित वास आणि भरीवपणा येतो, जिभेवर बारीकशी चुरचुरही जाणवते. बाटली घेताना लेबलवर 'सुर ली' लिहिलेलं आहे का ते नक्की बघा.

कालवं मिळत नसतील तर शिंपल्या. कांदा परतून पेलाभर मस्कादे ओतायची, शिंपल्या घालून झाकण ठेवायचं, तोंडं उघडली की झालं. उरलेली बाटली जेवताना. पण मला विचाराल तर तिचा खरा जोडीदार बर ब्लाँ, म्हणजे लोण्याचा सॉस. बारीक चिरलेले छोटे कांदे व्हिनेगर आणि मस्कादेत आटवायचे आणि मंद आचेवर गार लोण्याचे तुकडे एकेक करून घोटत जायचं. आच वाढली की लोणी फुटतं, तेव्हा गॅसपाशीच उभं राहायचं. हा सॉस ल्वारमधल्या पाइक माशावर वाढतात. एवढं लोणी असूनही जेवण जड वाटत नाही, कारण प्रत्येक घासानंतर वाइन ते कापून काढते.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: आपल्या जेवणाबरोबर? मालवणी मसाल्याच्या रश्श्याबरोबर नको. मिरची आणि गरम मसाल्यापुढे तिचं काहीच उरत नाही, दोन्हींवर अन्याय होतो. मटणाबरोबर तर मुळीच नको. पण हळद-मीठ-लिंबू लावून, रव्यात घोळवून तळलेले बोंबील करा, तिखट अगदी बेताचं. बाटली फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, 8 ते 10 अंशांवर ती छान लागते. बोंबील गरम असतानाच पहिला घोट घ्या. यंदाच्या दोन बाटल्या मी त्यासाठीच आणते आहे, मासे तेवढे तुम्ही आणून ठेवा.