तुम्ही विचारलंत म्हणून: हे फोनीम-मॉर्फीम कशाला?

"मॅडम, हे फोनीम, मॉर्फीम, अ‍ॅलोफोन पाठ करून पोरांना इंग्रजी बोलता येतं का हो?"

कोल्हापुरात राजारामपुरीत भाजी घेताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आमच्याकडे इंग्रजीत एम.ए. करून गेलेली मुलं स्वतःच्या पोरांना घेऊन येतात आणि तीही हेच विचारतात. आजवर मी बहुतेक वेळा "बसा, चहा घ्या" म्हणून विषय बदलत आले. आता लिहूनच टाकते. फोनीम म्हणजे ज्याने शब्दाचा अर्थ बदलतो असा भाषेतला आवाज, अ‍ॅलोफोन म्हणजे त्याच आवाजाचं अर्थ न बदलणारं निराळं रूप, आणि मॉर्फीम म्हणजे शब्दातला अर्थ असलेला सगळ्यांत लहान तुकडा.

नाही येत. संज्ञा पाठ करून कुणालाही कुठलीच भाषा बोलता येत नाही, आणि येते असं मी कधी म्हटलेलंही नाही. बोलायला यायचं तर ऐकावं लागतं, बोलावं लागतं, कुणी हसलं तरी पुन्हा तोंड उघडावं लागतं. पण हे उत्तर दिलं की विचारणारा समाधानाने मान हलवतो, जणू मी हार मानली. ते मला मान्य नाही.

एक मुलगा आला होता. फोनवरच्या नोकरीसाठी त्याची मुलाखत झालेली. पलीकडच्या परदेशी माणसाला त्याचं 'पे' वारंवार 'बे' असं ऐकू येत होतं. मुलाने निष्कर्ष काढला होता की आपली जीभच जड, खेड्यातली. मी वहीच्या कागदाची एक बारीक पट्टी फाडून त्याच्या तोंडासमोर धरली. म्हण 'पूल'. पट्टी जागची फारशी हलली नाही. म्हण 'फूल', पण ओठ मिटून. हल्ली बरेच जण खालचा ओठ दाताला लावून म्हणतात, तो फ निराळा. पट्टी उडाली. मग त्याला फोनवर एका इंग्रज बाईंचा आवाज ऐकवला, 'पिन' आणि 'स्पिन'. 'पिन'मधल्या प बरोबर श्वासाचा झोत येतो, 'स्पिन'मधल्या प बरोबर येत नाही. गंमत अशी की त्या बाईंना स्वतःला हा फरक जाणवतही नसणार, कारण त्यांच्या भाषेत त्याने अर्थ बदलत नाही. आपल्याकडे बदलतो. पूल वेगळा, फूल वेगळं. आपले जे दोन फोनीम, ते त्यांच्याकडे एकाच फोनीमचे दोन अ‍ॅलोफोन. आपण 'पे' म्हणताना श्वास सोडत नाही, म्हणून त्यांच्या कानाला ते ब च्या जवळ जातं. याच्या उलटही होतं. त्यांच्याकडे 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चे उच्चार दोन, आपल्याकडे व एकच.

त्या मुलाला नोकरी मिळाली की नाही हा मुद्दा नाही. जीभ जड नाही, दोन भाषांनी आवाजांची वाटणी वेगळी केली आहे, एवढं त्याला कळलं. काय दुरुस्त करायचं तेही कळलं. फोनीम या शब्दाशिवाय हे मी त्याला सांगू शकले असते का? कदाचित. पण पुढच्या वेळी त्याचं त्याला शोधता आलं नसतं.

संज्ञा घोळही घालतात, हे मी लपवत नाही. शाळेत कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस असं ठोकून दिलेलं असतं. 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली'. इथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, म्हणून हा कर्मणी प्रयोग. पण इंग्रजीत याचं पॅसिव्ह होत नाही, साधं 'आय एट अ मँगो' होतं. कर्मणी हा क्रियापदाच्या जुळणीचा प्रकार आहे, ज्याला इंग्रजीत अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. व्हॉइस ही वेगळीच भानगड. एम.ए.ला आलेल्या मुलांचा हा गोंधळ सोडवण्यात माझे आठवडे जातात. आणि इंग्रजीत बारा काळ नसून दोनच, वर्तमान आणि भूत, बाकी सगळा आस्पेक्ट, म्हणजे क्रिया चालू आहे की पुरी झाली ते दाखवणं, आणि 'विल', 'शॅल'सारख्या सहायक क्रियापदांचा खेळ, हे सांगितलं की पालक भांडायला येतात. इंग्रजीचे व्याकरणकार क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1985च्या मोठ्या व्याकरणातही दोनच काळ आहेत, हे सांगून उपयोग होत नाही. "शाळेत बारा शिकलो, आता दोन कसे?"

पण ज्यामुळे हे लिहायला बसले ती गोष्ट वेगळी आहे.

शाहूवाडी तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे शिकत होती. रोज पहाटेची एसटी धरून यायची. भाषाविज्ञानाच्या पेपरात वर्गात सगळ्यांत पुढे. 'डायलेक्ट' या प्रश्नाचं तिचं उत्तर मी नंतरच्या मुलांना नमुना म्हणून दाखवत असे. बोली म्हणजे बिघडलेली प्रमाणभाषा नव्हे, बोलीला स्वतःचे नियम असतात, प्रमाणभाषा हीसुद्धा एक बोलीच, फक्त तिच्यामागे सत्ता, शाळा आणि छापखाना उभा राहिलेला असतो. डिस्क्रिप्टिव्ह म्हणजे लोक बोलतात तसं नोंदवणारं आणि प्रिस्क्रिप्टिव्ह म्हणजे कसं बोलावं ते बजावणारं व्याकरण, यांतला फरक तिने इतका स्वच्छ लिहिला होता की तपासताना मला बरं वाटलं होतं.

एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी तिला बोलावणं आलं. इंग्रजीतली प्रश्नोत्तरं नीट झाली. शेवटी मुलाखत घेणाऱ्या मंडळातल्या एकांनी सहज मराठीत विचारलं, "गावाहून कशी आलात?" ती म्हणाली, "मी पहाटंच्या एसटीनं आलो."

आलो. आपल्याकडे कोल्हापूर भागात बायका हेच म्हणतात. माझी आई म्हणायची, मी घरी आजही म्हणते. मंडळातले दोघं हसले. तिसऱ्यांनी विचारलं, "आलो? तुम्ही पुरुष आहात का?" आणि मग, "स्वतःच्या भाषेतलं लिंग कळत नाही, इंग्रजी काय शिकवणार?" ती गप्प बसली. बाहेर आली आणि वडिलांबरोबर थेट माझ्या घरी आली.

मी तिला विचारलं, तू काही बोलली का नाहीस? ती म्हणाली, "काय बोलू मॅडम? गप बसलो." तेव्हाही 'बसलो'च म्हणाली. म्हटल्यावर दचकली आणि तोंडावर हात ठेवला. तो हात मला अजून दिसतो. माझ्यासमोरही आता तिला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटत होती.

मी तिला तावातावाने सांगायला लागले. अगं, प्रमाण मराठीत तरी काय आहे? 'आम्ही आलो' पुरुषही म्हणतात, बायकाही म्हणतात. तिथे लिंग कुठे दिसतं? 'मी जाईन'मध्ये कुठे दिसतं? आपल्या बोलीने प्रथमपुरुषी एकवचनातही ते ठेवलं नाही, एवढंच. 'ती आली'मध्ये आपण ते बिनचूक सांभाळतो, 'ती आला' असं आपल्यात कुणी म्हणत नाही. म्हणजे हा गोंधळ नाही, हा नियम आहे. आणि जे इंग्रजी शिकवायला तुला बोलावलं, त्याच्या 'आय केम'मध्ये कुठलं लिंग असतं? इंग्रजी क्रियापदाला लिंग मुळी नसतंच.

ती ऐकत होती. तिला हे सगळं ठाऊक होतं. माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं तिने.

तिचे वडील दारापाशी बसले होते. उसाचं शेत, गळ्यात तुळशीची माळ. सगळं ऐकून ते म्हणाले, "एक विचारू का बाई? दोन वर्सं ही तुमच्याकडं शिकली. हे समदं पेपरात लिवलं म्हनं. मग तितं त्या लोकांना एक वाक्य बी सांगाय आलं न्हाई व्हय हिला?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

तुम्ही सगळे विचारता तो प्रश्न आणि हा प्रश्न वरून एकच वाटतात. तुम्ही विचारता, संज्ञांनी इंग्रजी येतं का. त्यांनी विचारलं, संज्ञा कळूनही माणूस उत्तर का देऊ शकत नाही. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. त्यांच्या प्रश्नाला मी तेव्हा एवढंच म्हटलं, की समोर नोकरी देणारी माणसं बसलेली असताना कुणाचंही तोंड उघडत नाही. हे खरं आहे, आजही मी त्यावर ठाम आहे. टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्यांचं अज्ञान माझ्या विद्यार्थिनीच्या खाती लिहायला मी तयार नाही.

तरीही. तरुणपणी मी वर्गात छाती पुढे काढून सांगायचे, एकदा व्याख्या पक्की झाली की माणूस मोकळा होतो. माझ्या बाबतीत ते झालंही होतं. 'डायलेक्ट' हा शब्द पहिल्यांदा वर्गात ऐकला तेव्हा मला वाटलं होतं, आईची भाषा आता कुणी चुकीची म्हणू शकणार नाही. त्या मुलीसारखीच मीही होते, मग मी मोकळी झाले आणि ती का नाही? माझी बहुधा तशी कुणी परीक्षाच पाहिली नाही. किंवा मी शहरात राहून 'आले' म्हणायला शिकले होते आणि त्यालाच मोकळं होणं समजत होते. यातलं कुठलं खरं, मला सांगता येत नाही.

आता मी संज्ञा सांगण्याआधी मुलांना घरी कसं बोलतात ते लिहून आणायला सांगते. मी, तू, तो, ती, आम्ही, तुम्ही. येणं, जाणं, खाणं. गडहिंग्लजचा मुलगा, राधानगरीची मुलगी, इथल्या शिवाजी पेठेतला मुलगा, तिघांचे तक्ते फळ्यावर शेजारी शेजारी मांडायचे आणि नियम त्यांनीच काढायचे. मग एकाने मंडळातला माणूस व्हायचं, हसायचं, आणि दुसऱ्याने उभं राहून तोंडाने उत्तर द्यायचं. यावरही तक्रार आली आहे: "इंग्रजीच्या तासाला गावठी मराठी कशाला?" तासाच्या शेवटी मी डायलेक्टची व्याख्याही लिहून देते. परीक्षेत ती शब्दशः लागते, आणि ती मुलगी मला भेटून गेल्यापासून ती लिहून देताना मी फळ्याकडेच तोंड करून उभी असते.