धबधब्याच्या वाटेवरचा डबा: कोडं पावसाळ्यात टिकेल असं लिहा

लेटरबॉक्सिंग हा टपालाचा नव्हे, रानातला शोधाचा खेळ. कोडं सोडवत रानात लपवलेल्या डब्यापर्यंत जायचं, आतल्या वहीत आपला शिक्का मारायचा, डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवून घ्यायचा आणि डबा होता तसा ठेवून परतायचं. १८५४ साली इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूलपाशी भेटकार्डं टाकण्यासाठी बाटली ठेवली, तिथून हा खेळ सुरू झाला. तो माळ उघडाबोडका. आपल्याकडे साताऱ्याजवळच्या ठोसेघर, भांबवली धबधब्यांच्या बाजूला मे महिन्यात लिहिलेलं कोडं ऑगस्टमध्ये खोटं ठरतं. कारवी डोक्यावर जाते, कोरड्या घळीला ओढा फुटतो, आणि चाळकेवाडीच्या पठारावरची पवनचक्की धुक्यात दिसेनाशी होते. तशीही ‘तिसऱ्या पवनचक्कीकडे तोंड करा’ ही खूण कुचकामीच, सगळ्या सारख्याच दिसतात.

टिकतं ते कातळ, जुनं झाड, दगडी बांध, रस्त्याखालची मोरी. उदाहरणार्थ:

‘मोरी ओलांडा. जोडखोडाच्या उंबराला पाठ टेकवा. होकायंत्राच्या १२० अंशांवर २० जोडपावलं. गुडघ्याएवढ्या जांभ्याच्या मावळतीकडच्या फटीत.’

जोडपाऊल म्हणजे डावा पाय टेकल्यापासून पुन्हा डावा टेकेपर्यंत. हे कोड्यात लिहिलंच पाहिजे, नाहीतर शोधणारा निम्म्या अंतरावरच दगड चाचपत बसतो. आपलं जोडपाऊल आधी सपाट रस्त्यावर टेप लावून मोजा. १०० मीटरला साधारण ६५ पडतात. चढावर पाऊल आखडतं आणि आकडा वाढतो. साताऱ्यात होकायंत्र दाखवतं ती चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे ती बेरीज-वजाबाकी सोडून द्या. घोटाळा होतो तो होकायंत्र मोबाइलला चिकटवून धरल्यामुळे. दिशा ५ अंशांनी चुकली तर ६० मीटरवर माणूस ५ मीटर बाजूला जातो, आणि झाडीत ५ मीटर म्हणजे डबा हुकलाच. म्हणून एका टप्प्यात ३० मीटरपेक्षा जास्त चालवू नका.

शिक्का खोडरबरावर कोरतात. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढा, पालथं घालून नखाने घासा. रबरावर ते आपोआप उलटं उतरतं आणि छाप सुलट येतो. दोन-तीन मिलिमीटर खोल पुरे. पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, आत कललं तर रेषेखालचं रबर पोखरलं जातं आणि चौथ्या-पाचव्या छापाला कड तुटते. पूर्ण नाव कोरायचा मोह टाळा, वेलांट्या आणि अनुस्वार आधी उडतात. एक अक्षर बास.

डबा चारही बाजूंनी खटके लागणारा, झाकणात रबरी कडं असलेला, पारदर्शक आणि नवा घ्या. लोणच्याचा डबा कितीही घासला तरी वास राहतो आणि माकडं तो उघडतातच. वही आणि शिक्का वेगवेगळ्या झिप पिशव्यांत, सोबत सिलिका जेलची पुडी. स्टॅम्पपॅड आत ठेवू नका, शाई पाझरली की सगळी वही निळी होते. लिहायला पेन्सिल, जेल पेन ओलाव्यात फुटतं. वरच मराठीत चिठ्ठी हवी: ‘हा खेळ आहे, आत धोकादायक काही नाही, पुन्हा इथेच ठेवा.’ डबा आधी गुराख्यालाच सापडणार आहे आणि बेवारस डबा पाहून कोणीही घाबरेल.

जागेबद्दल मात्र सूट नाही. कोयना अभयारण्य, चांदोली आणि कास पठार इथे डबा ठेवायचा नाही. देवराई, वीरगळ, समाधीचे दगड यांनाही हात लावायचा नाही. मालकीच्या रानात, मालकाला विचारून ठेवा. ओढ्याकाठी फांद्यांत अडकलेला पाचोळा दिसतो ना, ती पुराची रेघ. डबा तिच्याही वर हवा. वर घाटमाथ्यावर कोसळला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं, त्यामुळे कोड्यात ओढा ओलांडायला लावू नका.

फटीत थेट हात घालू नका. आधी काठीने ठोका, मग टॉर्च मारा. फुरसं दगडाखालीच बसतं आणि जांभ्याच्या रंगात मिसळून जातं.

फेब्रुवारी लागला की डबा उचलून आणा. गवत वाळलेलं असतं, वणवा लागला तर कातळाच्या फटीतलं प्लॅस्टिकही वितळतं.