कातरणीची गाणी : रियाजाची सद्यःस्थिती

ऑस्ट्रेलियातील मेंढ्या भादरणाऱ्या कामगारांच्या लोकगीतांपैकी 'क्लिक गो द शिअर्स' आता चाल आणि शब्द यांसह पक्के बसले आहे. हेन्री क्ले वर्क यांच्या १८६५ च्या अमेरिकी गीताची ही चाल केरव्यात सहज बसते. अडचण अशी की ध्रुवपदाच्या खेळकरपणात कडव्यांतले कष्ट ऐकूच येत नाहीत. शेडमधला सर्वांत वेगवान गडी कातरणीच्या एका फटक्याने मागे पडतो, तोही शेजारच्या म्हाताऱ्याच्या वाट्याला पोटावर लोकर नसलेली मेंढी आली म्हणून, आणि वेताच्या खुर्चीत बसलेला मुकादम प्रत्येक मेंढीची लोकर स्वच्छ उतरली की नाही यावर डोळा ठेवून असतो. मजुरी शेकड्यावर, साधारण शंभर मेंढ्यांना एक पौंड अशी मिळे, आणि काम पसंत न पडल्यास मेंढीवर गेरूची खूण करून तिचे पैसे नाकारले जात, हे कळल्यापासून मुकादमाचे कडवे मी ठेका सोडून जवळजवळ बोलल्यासारखे म्हणतो.

सध्याचा बराचसा वेळ जॉन नीलसन यांच्या 'अनदर फॉल ऑफ रेन'ला जातो, आणि माझ्या मते कष्टाचे खरे गाणे हेच आहे. पंधरवडाभर उकाड्यात काम चालले आहे, दिवसात शंभर मेंढ्यांची मजल कधी न गाठलेल्यांनीही ती गाठली आहे, पहिल्या क्रमांकाच्या गड्याचे मनगट पट्टी बांधूनही ठणकते आहे, आणि सगळ्यांना एकच हवे आहे : पाऊस. ओली लोकर गासडीत कुजते, म्हणून भिजलेल्या मेंढ्या कातरत नाहीत. अर्थात त्या दिवशी मजुरीही नाही, तरीही हे लोक पाऊस मागतात. जॅकी हाऊ यांनी १८९२ मध्ये हातकातरणीने एका दिवसात ३२१ मेंढ्या कातरल्याचा विक्रम आपण मंडळी कौतुकाने सांगतो खरे, पण गाताना मला ते ठणकणारे मनगट अधिक उपयोगी पडते. कडव्यांमधला माउथ ऑर्गनचा तुकडा गाळल्यावर गाणे बरेच सावरले. मात्र शेवटच्या ओळीत श्वास अजून अपुरा पडतो.

यानंतर 'द बँक्स ऑफ द कंडमाइन' घेणार आहे. कामावर निघालेल्या प्रियकरासोबत जाण्याचा प्रेयसीचा हट्ट आणि मालक बायकांना येऊ देत नाहीत हे त्याचे उत्तर, असा तो संवाद असल्यामुळे स्त्रीचा आवाज लागेल. कुणा गाणाऱ्या ताईंची तयारी असल्यास अवश्य कळवावे.