पुलियापासून पुन्हा

फेब्रुवारीच्या २३ तारखेला पहाटे पाचला आम्ही अकरा जण इंदूरच्या लाल चर्चच्या फाटकातून बाहेर पडलो. २५ला सकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, पायी उदयनगर गाठायचं होतं. सगळे मराठी बोलणारे. आजोबा-पणजोबा नगर-जालन्याकडून मालवा मिलमध्ये कामाला आले आणि इथलेच झाले, अशा घरांतले. सामानासाठी एक छोटा हाथी टेम्पो भाड्यानं घेतला होता. त्याचा ड्रायव्हरही मराठीच, राजवाड्यामागच्या गल्लीतला, गळ्यात तुळशीची माळ आणि गालात कायम गुटखा.

पुढारपण माझ्याकडे होतं. किती वाजता उठायचं, कुठं थांबायचं, जपमाळेच्या प्रार्थनेतलं कोणतं रहस्य, म्हणजे कोणता भाग, कोण म्हणणार, सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं. पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत, वीस वर्षं बायबलचं वाचन करतो, त्यामुळे प्रार्थनेचा शब्द माझाच, असं मी धरूनच चाललो होतो.

आम्ही कुणाकडे निघालो होतो ते सांगायला हवं. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळमधल्या पुल्लुवाझीच्या. उदयनगरच्या आसपासच्या आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी त्यांनी काम केलं. २५ फेब्रुवारी १९९५ला सकाळी त्या इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये होत्या. नाचनबोरच्या डोंगरात समंदर सिंह नावाच्या माणसानं भरल्या बसमध्ये चाकूचे वार करून त्यांचा खून केला. पुढं २००२मध्ये त्यांची सख्खी धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि त्याच हाताला राखी बांधून आल्या. तो २००६मध्ये सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ला राणी मारियांना इंदुरातच धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

पहिला दिवस बरा गेला. खुडैल मागे पडलं, मग कंपेल. (इंदूरच्या आधी परगण्याचं ठाणं या कंपेलला होतं, हे आज तिथल्या चौकात उभं राहून खरं वाटत नाही.) दोन्ही बाजूंना पिवळा पडत चाललेला गहू, हरभऱ्याचे घाटे भरलेले. मावशी शेवटी चालत होत्या. नात्यानं कुणाच्याच नाहीत, सगळ्या पॅरिशच्या मावशी. वय अडुसष्ट, उजवा गुडघा दुखरा. मुलाची दारू सुटली तर राणी मारियाच्या कबरीपर्यंत पायी येईन, असा नवस त्या बोलल्या होत्या. दारू सुटून दीड वर्ष झालं होतं. हे निघायच्या आधी त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं, वहीत बघत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची वेळ चुकायला लागली. एका तुटक्या कठड्याच्या पुलियापाशी, म्हणजे रस्त्यावरच्या छोट्या पुलापाशी, मी सगळ्यांना थांबवलं. मावशी वीस मिनिटांनी पोचल्या. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "मावशी, गाडीत बसा आता. तुमच्यापायी अकरा जणांचा खोळंबा होतोय."

"चालते रे, हळूहळू."

मी त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढली आणि गाडीत ठेवली. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. कठड्याला धरून चढल्या आणि गाडी निघाली तेव्हा पदर तोंडाला लावून मागं रस्त्याकडे बघत राहिल्या. मी पुढच्यांना 'नमो मरिया' ही जपमाळेची प्रार्थना सुरू करायला सांगितलं.

रात्री एका शेतकऱ्याच्या खळ्यात मुक्काम. दाल-बाटी झाली आणि मी राखीची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली, खळ्याचा मालकही डोळे पुसत होता. क्षमा काय असते, नम्रता काय असते, सगळं बोललो. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, गुडघा चोळत.

हात धुताना ड्रायव्हर शेजारी आला. "भाऊ, गोष्ट छान सांगितली. पण म्हातारीचा नवस मोडलात तुम्ही."

माझं तोंड तापलं. "तुम्ही गाडी सांभाळा. आमच्या धर्मातलं तुम्हाला काय कळणार?"

तो चिडला नाही. "धर्मातलं नाही कळत. वडिलांबरोबर आळंदीहून पंढरपूरला दोनदा चाललोय, चालण्यातलं थोडं कळतं. आमच्यात मागं राहिलेल्याला माउली म्हणून पाया पडतात." एवढं बोलून तो गाडीत जाऊन झोपला.

मला झोप लागेना. आधी मी त्याच्यातलंच उणं शोधलं: गुटखा, गाडीत वाजणारी गाणी, सांगितल्यापेक्षा जास्त मागितलेलं भाडं. फादरांनी हेच सुनावलं असतं तर मी तिथल्या तिथे मान खाली घातली असती. फादरांपुढं झुकताना माझं काही जात नाही, उलट लोक म्हणतात, किती नम्र माणूस. भाड्याच्या ड्रायव्हरपुढं मात्र जातं. म्हणजे वीस वर्षं मी जिला नम्रता समजत होतो, ती नुसती माणूस बघून वाकण्याची सवय होती.

मग योशीया आठवला. यहूदाचा एवढा देवभक्त राजा. मिसरचा राजा नखो त्याला निरोप धाडतो, माझ्या वाटेत येऊ नकोस. योशीयानं ऐकलं नाही, वेष पालटून मगिद्दोच्या लढाईत उतरला आणि बाण लागून गेला. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात ३५ व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, नखोचे ते शब्द देवाच्या मुखातले होते. परक्या, मूर्तिपूजक फारोच्या तोंडून! मी हा अध्याय चर्चमध्ये मोठ्यानं वाचलेला आहे. आणि योना? वादळात संदेष्टा जहाजाच्या तळाशी घोरत पडलाय, आणि त्याला हलवून 'ऊठ, आपल्या देवाचा धावा कर' असं सांगणारा तांडेल त्याच्या देवाला ओळखतही नाही.

कोण बोललं हे बाजूला ठेवलं तर तपासायचं एवढंच उरत होतं, की बोललेलं खरं आहे का. खरं होतं.

चारला उठलो. मावशी जाग्याच होत्या. मी त्यांच्यापुढं बसलो आणि म्हणालो, "मावशी, मी चुकलो. सगळ्यांसमोर चुकलो, तर सगळ्यांसमोरच माफी मागतो." बाकीचे उठून बसले होते. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"माफी राहू दे. मला त्या पुलियापाशी नेऊन सोड."

वही मी दुसऱ्याच्या हातात दिली आणि म्हणालो, तुम्ही मिस्सेला पोचा. गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलो. "काल तुम्ही बरोबर बोललात. मी जे बोललो ते बोलायला नको होतं."

"बसा, माउली," तो म्हणाला आणि गाडी वळवली.

अंधारात सगळ्या पुलिया सारख्याच दिसतात. एका ठिकाणी त्यानं गाडी थांबवली. मावशी खाली उतरल्या, कठडा चाचपला. "इथं नाही. अजून मागं." पुढच्या ठिकाणीही नाही. तिसऱ्या वेळेला तुटका कठडा हाताला लागला. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला, क्रूसाची खूण केली आणि चालायला लागल्या.

मी मागं राहिलो. त्यांच्या चालीनं चालायचं म्हणजे दहा पावलं आणि थांबा, दहा पावलं आणि थांबा. ऊन चढलं तसा घाटातला पळस पेटल्यासारखा दिसायला लागला. मुक्कामाची जागा मागे पडली. ड्रायव्हर सामान पोचवून परत आला होता. दर दोन-तीन किलोमीटरवर पाणी घेऊन उभा असायचा, बस म्हणून एकदाही म्हणाला नाही. नाचनबोरला मावशी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मला तिथं एक प्रार्थना म्हणावीशी वाटली, तोंडही उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं.

उदयनगरला पोचेपर्यंत दिवे लागले होते. मिस्सा सकाळीच झालेली, कबरीवरची फुलं सुकलेली. ड्रायव्हर चपला काढून दाराशी उभा राहिला. मी सवयीनं बायबल उघडायला गेलो.

"आज तू वाचू नको," मावशी म्हणाल्या. "मी बोलते."

त्या गुडघ्यावर बसू शकत नव्हत्या. उभ्यानंच दोन्ही हात दगडावर टेकले.

"आले गं बाई. सगळं चालत आले."